थोरल्या भावजींचे मोज्याचे यंत्र

आमच्या कुरवंडे गावातून नागफणीच्या सुळक्याकडे एक वाट जाते. त्या वाटेवर गावाच्या अखेरीस आमचे घर आहे. घराच्या ओट्यावर एक बाज असे आणि त्या बाजेवर माझे थोरले दीर महिपती पडलेले असत. वाटेने येणाऱ्याजाणाऱ्या पुष्कळ लोकांनी त्यांना तसे पाहिलेले आहे. त्यांतील बहुतेकांनी त्यांना आजारी समजले आणि काहींनी आळशी समजले. ते या दोहोंपैकी काहीच नव्हते. तरीही आयुष्याची वीस वर्षे ते बाजेवर का पडून राहिले, हे नीट सांगून ठेवावे असे मला वाटते.

मी त्यांच्या धाकट्या भावाची, रखमाजीची, बायको. नवऱ्याचे नाव घेऊ नये खरे, पण सांगताना घोटाळा नको म्हणून घेते. माझे नाव शालूबाई. आमच्यात अशी चाल आहे की धाकट्या भावजयीने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलू नये. काही सांगणे भागच असेल तर उंबऱ्याकडे पाहावे आणि उंबऱ्याला सांगावे. "उंबऱ्या, भाकर झाली म्हनावं," असे मी म्हणे, आणि ओट्यावरून भावजी "बरं" असे म्हणत. एका छपराखाली आमचे सारे आयुष्य असेच गेले. त्यामुळे त्यांच्या मनात काय चालले होते ते मला सांगता येणार नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले तेवढेच सांगते.

पहिल्या मोठ्या लढाईत लोणावळ्याच्या बाजारात पलटणीची भरती झाली, तेव्हा भावजी गेले. त्यांना बसऱ्याकडे नेले. तिकडे त्यांचा डावा पाय जखमी होऊन सडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. ते इस्पितळात असताना इकडे मानमोडीच्या तापाची साथ आली व त्यात त्यांची बायको धोंडाबाई वारली. ती माझी जाऊ. आम्ही दोघी एकाच जात्याला बसत असू. तिची बातमी भावजींना कधी आणि कोणी सांगितली हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ते परत आले तेव्हा त्यांनी तिच्याविषयी काही विचारले नाही, म्हणून आम्हीही काही सांगितले नाही.

परत येण्यापूर्वी ते मुंबईस एका शाळेत राहिले होते. हातपाय गमावलेल्या शिपायांसाठी सरकारने ती धंदेशिक्षणाची शाळा काढली होती. शिपायाला नुसती पेन्शन देऊन घरी बसवू नये, त्याच्या हाताला कसब द्यावे, असा त्यामागे विचार होता असे मला पुढे समजले. तेथे कोणी शिंपीकाम शिके, कोणी सुतारकाम शिके. भावजी मोजे विणायला शिकले आणि त्याबरोबर लिहायवाचायलाही शिकले. शिक्षण पुरे झाल्यावर शाळेने त्यांना ते यंत्र देऊन टाकले. लोणावळा स्टेशनापासून दोन गड्यांनी ते खोक्यात घालून वर आणले. भावजी लाकडी पायाने त्यांच्या मागून चालत आले.

यंत्र असे होते. पायलीच्या मापाएवढे लोखंडी नळकांडे, त्याच्या कडेने गोल उभ्या केलेल्या सुया, आणि बाजूला फिरवायची मूठ. ते फळीच्या कडेला आवळून बसवायचे. मूठ फिरवली की सुया एकामागून एक वरखाली होत, आणि नळकांड्याच्या पोटातून विणलेला मोजा हळूहळू खाली उतरे. पहिल्या दिवशी सगळा गाव ओट्यासमोर जमला. आमचे शेजारी कोंडाजी हे गावातले थट्टेखोर. ते अगदी पुढे बसले होते.

"महिपती, ह्ये गाईचं आचळ हाय का रं? पिळतुयास अन् खाली उतरतंया!"

"मोजा हाय, कोंडाजीभाऊ. पायात घालत्यात."

"अन् चिखल?"

"चिखलात न्हाई घालायचा. बुटात घालायचा."

"बूट कुनापाशी हाय?"

"लोनावळ्याच्या बंगल्यावाल्यांपाशी."

"म्हंजी आदी बंगला, मग बूट, मग मोजा, अन् सगळ्यात आत पाय," कोंडाजी म्हणाले. "अन् कारागिरापाशी पाय बी एकच. लय भारी शाळा काढली सरकारनं!"

सगळे हसले. भावजीही हसले. त्यांना मोकळे हसताना मी पाहिले ते तेव्हा. मग पोरांनी तो पहिला मोजा आमच्या बोकडाच्या मागच्या पायात चढवला, आणि बोकड तो पाय वर धरून दिवसभर तीन पायांवर अंगणात हिंडला. सासूबाई म्हणाल्या, "आता घरात दोन लंगडी झाली." त्यावरही भावजी हसले.

पोरांना ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "मोज्याची सरळ नळी काय, कुनी बी काढंल. टाच वळवायची म्हंजी कसब. निम्म्या सुया उचलून उभ्या ठेवायच्या, अन् बाकीच्यांवर मूठ फुडं-मागं, फुडं-मागं न्यायची. चुकलं की समदं सुटलं. मला मास्तरानं टाच बघूनच पास केलं."

लोणावळ्यास एका बंगल्यावर फकरुद्दीन नावाचे खानसामा होते. बाजारच्या दिवशी भावजींनी त्यांना एक जोड दाखवला. त्यांनी तो हातात घालून, ताणून, उलटा करून पाहिला.

"वा, महिपतराव! माल पक्का आहे. दिवाळीत आमचे लोक मुंबईहून येतात आणि इथल्या थंडीनं कुडकुडतात. सहा जोड करून आणा. आवडले तर शेजारच्या चार बंगल्यांचं काम मी तुम्हाला लावून देतो."

भावजी त्या दिवशी वाट चढून आले ते दमलेले दिसत नव्हते. ओट्यावर बसून त्यांनी रखमाजीला सांगितले, "दिवाळीपातुर सहा जोड. मग बंगल्यांचं काम. लोनावळ्यात एक खोली बघतो. ह्यो धंदा बसून करायचा हाय, गड्या. ह्यात पाय लागत न्हाई." त्यांची एवढीच इच्छा होती. त्यापुढे त्यांनी आयुष्यात काही मागितल्याचे मला आठवत नाही.

दोन जोड तयार झाले होते आणि तिसरा यंत्रावर होता, तेव्हा टाकवे बुद्रुकचे हौशीराम आमच्याकडे आले. तेही लढाईतून परतलेले शिपाई. त्यांच्या तळहातातून गोळी गेली होती. परत आल्यावर त्यांनी कान्हे स्टेशनावर टांगा हाकायला घेतला होता. ओट्यावर बसल्याबरोबर त्यांनी यंत्राकडे पाहिले आणि डोक्याला हात लावला.

"झाक त्ये, आदी झाक!"

"का रं?" भावजींनी विचारले.

"माझी पेन्शन कापली. पुन्याला डाक्टरांपुढं हुबं केलं, हात बघितला, म्हनाले काय करतुयास? म्या येडा, छाती काढून म्हनलो, टांगा हाकतो! लागलीच कमी केली."

"टांग्यापायीच?"

"मग कशापायी? सरकार म्हनतंय, ह्यो कमावतुया, ह्याला कशाला पोसायचं? तुलाबी बोलवत्याल. अन् बोलवायच्या आदी मानूस धाडून चोरून बघत्यात, म्हनं."

सासूबाई बयाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या. आमचा भात उन्हाळ्यापर्यंत पुरत नसे आणि पेन्शन आल्यापासून घरात चूल चुकली नव्हती, हे त्यांना सर्वांपेक्षा अधिक ठाऊक होते. हौशीराम गेल्यावर त्या म्हणाल्या, "महिपती, मोजं इकलं जात्याल का न्हाई ठाव न्हाई. पेन्शन दर खेपंला येतीया. ठावं हाय ते सोडून ठावं न्हाई त्याच्या मागं लागायचं न्हाई, लेकरा."

भावजी मूठ धरून बसले होते. त्यांनी यंत्राकडे पाहिले नाही, आईकडेही पाहिले नाही.

"पुन्याला जाऊन इचारलं तर?" रखमाजी म्हणाला.

"इचारायला गेलं अन् त्येंच्या ध्यानात आलं तर?" सासूबाई म्हणाल्या. "न इचारल्यालं बरं."

"बरं," भावजी म्हणाले.

त्याच दिवशी रखमाजीने यंत्र फळीवरून सोडवले, गोणपाटात बांधले आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवले. पावसाळ्यात जे कोरडे राहायला हवे ते सारे, बियाणे आणि सुकी मासळी, आम्ही तेथे धुरात ठेवतो. तयार झालेले दोन जोड आणि अर्धा मोजा सासूबाईंनी उसवला. चांगले सूत वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्या सुताने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली. ती वाकळ बाजेवर अंथरली.

पुण्याचे बोलावणे आले तेव्हा भावजी कण्हत गेले. डॉक्टरांनी काय करतोस म्हणून विचारले, तेव्हा काही करत नाही असे त्यांनी सांगितले. पेन्शन जशी होती तशी राहिली, आणि हौशीरामांचे म्हणणे खरे ठरले असे घरात सर्वांनी मानले.

सरकारचा माणूस कसा ओळखायचा, हा प्रश्न राहिला. आमच्या गावावरून नागफणी पाहायला लोणावळ्याचे साहेबलोक, मडमा आणि मुंबईचे शेठ येत. त्यांच्या डोक्यावर मोठाल्या टोप्या असत. त्यांतला कोणता सहलीला आलेला आणि कोणता पेन्शनच्या तपासाला आलेला हे आम्हाला कसे कळावे? तेव्हा सासूबाईंनी असे ठरवले की प्रत्येक टोपी तपासाचीच धरायची. खालच्या वळणावर गुरे राखणाऱ्या पोरांना तसे सांगून ठेवले. टोपी दिसली की पोरे ओरडत, "टोपी आली!" आणि ती हाक घराघरांतून पुढे सरकत आमच्या ओट्यापर्यंत येई. भावजींच्या हाती दोरी वळायची अंबाडी असे, कधी पावसात डोक्यावर घ्यायच्या इरल्याची बांबूची कामटी असे, कधी पोराचा मोडका भोवरा असे. ते सारे मी उचलून आत न्यायचे, लाकडी पाय काढून कोपऱ्यात उभा करायचा, आणि भावजींनी बाजेवर आडवे होऊन कण्हायचे. टोपी नागफणीला जाऊन परत उतरेपर्यंत त्यांनी उठायचे नाही.

सारा गाव यात आम्हाला साथ देई. कोंडाजी वाटेवर उभे राहून टोपीवाल्याला न विचारताच सांगत, "बिचारा लय आजारी, साहेब. काय बी हुत न्हाई त्याच्यानं." मग ते ओट्यापाशी येऊन हळूच म्हणत, "महिपती, जरा कमी कण्ह. तुझ्या कण्हण्यानं माझी म्हस आटली."

एकदा एक मडम ओट्यासमोर खुर्ची मांडून बसली आणि तिने भावजींचे चित्र काढले. चित्र पुरे होईपर्यंत त्यांना कूस बदलता आली नाही. ती निघून गेल्यावर सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "झालं! आता सरकारापाशी पुरावाच गेला." फकरुद्दीन बाजारात भेटत तेव्हा पहिली काही वर्षे विचारत, "महिपतराव, आमचे सहा जोड?" भावजी म्हणत, "बरं." पुढे फकरुद्दीन नुसता हात वर करून पुढे जात.

आरंभी टोपी उतरून गेली की भावजी उठून बसत आणि अंबाडी मागत. मी ती उंबऱ्यावर ठेवी. काही वर्षांनी टोपी गेली तरी ते तसेच पडून राहू लागले. अंबाडी उंबऱ्यावर असे आणि ते वाकळीच्या टाक्यांवरून बोट फिरवीत असत. त्यानंतर केव्हातरी मी अंबाडी ठेवणे बंद केले. सासूबाई वारल्या त्या वर्षीही यंत्र माळ्यावरून खाली आले नाही. तोपर्यंत ते तेथे आहे याची आठवण कोणी काढत नव्हते. माळा सारवताना मी त्याच्या भोवतालून सारवीत असे.

दुसरी लढाई सुरू होण्याच्या सुमारास सरकारने मोठ्या माणसांना साक्षर करण्याची मोहीम काढली. लोणावळ्याचे एक तरुण मास्तर आमच्या गावी येऊ लागले. दुपारी देवळात बायकांचा वर्ग बसे. मी त्यात नाव घातले. तेव्हा माझे केस पिकू लागले होते आणि पाटीवर रेघ वाकडी येई. घरी मी कोळशाने उंबऱ्याजवळच्या जमिनीवर अक्षरे गिरवी. एकदा मी 'भाकर' असे लिहिले. भावजी बाजेवर पडून होते. ते छपराकडे पाहत म्हणाले, "उंबऱ्या, 'भ'ची गाठ सुटलीया. वर आवळून घे म्हनावं." मी पुसून पुन्हा लिहिले. ते पुढे काही बोलले नाहीत, म्हणून ते आता बरोबर असेल असे मी समजले.

भावजींना अक्षर येते हे मास्तरांच्या कानावर गेले. ते ओट्यावर आले आणि हात जोडून म्हणाले, "आबा, पुरुषांचा वर्ग तुम्ही घ्या. मला दोन गावं सांभाळायची आहेत. सरकार थोडंफार मानधनही देतं."

भावजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. रखमाजी घाईने पुढे झाला. "न्हाई जमायचं, मास्तर. दादाच्या अंगात ताकद न्हाई."

"बसून शिकवायचं आहे. बाजेवरूनच शिकवा."

"मानधन म्हंजी पगारच की!" रखमाजी म्हणाला. "मास्तर, तुमचं भलं हुईल, पन आमची पेन्शन खाऊ नगा."

मास्तरांना काही उमगले नाही. त्यांनी भावजींकडे पाहिले. भावजींनी पुन्हा छपराकडे तोंड केले.

त्यानंतर दोन वर्षांनी, दसरा झाल्यावर, लोणावळ्यास जुन्या शिपायांना बोलावणे आले. शिपायांच्या अडचणी ऐकण्यासाठी एक पेन्शनीत निघालेले सुभेदार गावोगाव फिरत होते. आम्ही भावजींचा लाकडी पाय घरी ठेवला, नुसती कुबडी बरोबर घेतली आणि त्यांना बैलगाडीत आडवे घालून नेले. रखमाजी वाटभर सांगत होता, "दादा, कण्हायचं इसरू नगं." मी बाजारासाठी बरोबर गेले होते; कोंडाजीही गाडीत होते. भाऊगर्दीत मी मागे उभी राहिले.

सुभेदार आमच्या देशावरचेच होते. मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. भावजींचा नंबर आल्यावर त्यांनी आधी कागद चाळला, मग तुटलेल्या पायाकडे आणि तोंडाकडे पाहिले.

"मुंबईच्या शाळेत होतास ना? काय शिकलास?"

"मोजं, साहेब."

"शाबास. महिन्याला किती जोड निघतात?"

"येक बी न्हाई, साहेब!" रखमाजी मधेच म्हणाला. "कायसुदीक करत न्हाईत. आईची आन. पडूनच असत्यात."

"तुला नाही विचारलं. काय रे, यंत्र मोडलं का?"

"न्हाई," भावजी म्हणाले. "माळ्यावर हाय."

"माळ्यावर कशाला?"

भावजींनी रखमाजीकडे पाहिले. रखमाजीने मागे पाहिले. मागे उभे असलेले कोंडाजी शेवटी म्हणाले, "काम केलं की पेन्शन कापत्यात ना, साहेब. म्हनून."

"हे कुणी सांगितलं?"

"टाकव्याच्या हौशीरामाची कापली. टांगा हाकत हुता म्हनून."

सुभेदारांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि थोडा विचार केला. "हौशीराम. तळहातात गोळी लागलेला. ओळखतो मी त्याला. अरे, त्याचा तळहात भरून आला, मूठ वळायला लागली, म्हणून कमी झाली. जखम बरी झाली की कमी होते. टांग्याचा काय संबंध?" मग ते भावजींकडे वाकले. "तुझा पाय उगवणार आहे का?"

लोक हसले.

"न्हाई, साहेब," भावजी म्हणाले.

"मग? पेन्शन गेलेल्या पायाची आहे. राहिलेल्या हातांनी तू मोजे विण, नाही तर तबला वाजव, सरकारला काय त्याचं? काम करू नये असं असतं तर काम शिकवायला शाळा कशाला काढली असती?"

ही गोष्ट आमच्या ओट्यावर वीस वर्षांत कोणाच्याही मनात आली नव्हती. आपण काय सांगितले ते सुभेदारांच्या ध्यानात आले असावे, कारण पुढचे वाक्य ते हळू आवाजात बोलले.

"एकदा विचारायचं होतंस, बाबा."

"बरं," भावजी म्हणाले.

परत येताना भावजी गाडीत आडवे झाले नाहीत. बसून राहिले. कोंडाजींनी एकदा घसा खाकरला, पण थट्टा सुचली नसावी. गावाच्या खालच्या वळणावर चढ असल्यामुळे भावजी खाली उतरले आणि कुबडी घेऊन चालू लागले. तेवढ्यात वरून एक टोपीवाला गृहस्थ बायकोसह उतरत आला. गुरे राखणाऱ्या पोरांना काही माहीत नव्हते. त्यांनी हाक घातली, "टोपी आली!"

भावजी वाटेच्या कडेला बसले. कुबडी गवतात लपवली आणि पाय धरून कण्हू लागले.

आम्ही सगळे उभे राहिलो. टोपीवाल्या गृहस्थांनी त्यांच्याकडे दयेने पाहिले आणि ते उतरून गेले. भावजी आणखी थोडा वेळ कण्हत राहिले. मग थांबले. रखमाजी कुबडी शोधून त्यांच्यासमोर धरून उभा राहिला. भावजींनी कुबडी घेतली आणि उठले.

घरी आल्यावर रखमाजी न सांगता माळ्यावर चढला. गोणपाट काढले तेव्हा यंत्र काळेठिक्कर निघाले. कोरड्या धुरात राहिल्याने त्याला गंज चढला नव्हता, मात्र वीस वर्षांची काजळी सुईसुईत बसली होती. भावजींनी ते ओट्यावर घेतले. घासलेट आणि कोंबडीचे पीस घेऊन ते अनेक दिवस एकेक सुई काढून पुसत बसले. आता वाटेने टोप्या गेल्या तरी पोरे ओरडत नसत. भावजी मात्र प्रत्येक टोपीच्या वेळी हातातली सुई खाली ठेवीत आणि ती गेल्यावर पुन्हा उचलीत.

यंत्र फिरले. लोणावळ्याहून सूत आणले होते. नळी पूर्वीसारखीच सरसर खाली उतरली. मी चुलीपासून पाहत होते. टाचेशी येऊन भावजी थांबले. निम्म्या सुया उचलल्या, मूठ मागे नेली, आणि सगळे टाके सुटले. त्यांनी पुन्हा केले. पुन्हा सुटले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. सुया किती उचलायच्या ते त्यांना आठवत होते, पण त्यानंतर उलट येताना एकेक सुई परत कशी घ्यायची ते हात विसरले होते. नमुना म्हणून पाहायला जुना मोजा घरात नव्हता. त्यांनी बाजेवरच्या वाकळीकडे पाहिले. त्या सुताला आता टाच कोठे होती ते कोणाला सांगता आले असते?

फकरुद्दीन म्हातारे झाले होते, तरी बंगल्यावरच होते. भावजी त्यांच्याकडे गेले. फकरुद्दीननी डोळे बारीक करून पाहिले.

"महिपतराव! सहा जोड घेऊन आलात का? मालकसुद्धा बदलला हो आमचा!"

"टाच ऱ्हायलीया," भावजी म्हणाले, आणि त्यांनी दोन नळ्या पुढे ठेवल्या.

फकरुद्दीननी नळीत हात घातला. तो पलीकडून बाहेर आला. ते हसू लागले, पण भावजींचे तोंड पाहून थांबले. "असू द्या. पाण्याच्या बाटलीला ही ओली करून घातली तर पाणी गार राहतं. एक डझन द्या. बाटलीला कुठं टाच असते?" त्यांनी साहेबाचा एक जुना, विटका मोजाही नमुन्यासाठी दिला.

त्या मोज्याची टाच भावजींनी पुष्कळ दिवस निरखली. बाहेरून वळण कळेना म्हणून त्यांनी ती एकेक टाका उसवून पाहिली. उसवून झाली तेव्हा हातात सरळ सूत राहिले.

त्यापुढची काही वर्षे, सूत मिळत होते तोपर्यंत, ते बाटल्यांसाठी नळ्या विणीत. एक त्यांनी स्वतःच्या तुटक्या पायासाठी विणली. तिलाही टाच लागली नाही. दर आठवड्याला एखाद्या दिवशी ते टाच वळवून पाहत. टाके सुटले की सूत गुंडाळून ठेवीत. एकदा मी उंबऱ्याला म्हणाले, "उंबऱ्या, नळ्या खपत्यात की. टाच कशाला पायजे म्हनावं?"

ओट्यावर मूठ थांबली. "उंबऱ्या," भावजी म्हणाले, "मला टाच बघून पास केलंय."

भावजी सन एकोणीसशे सेहेचाळीसच्या थंडीत वारले. सकाळी मी भाकर झाल्याचे सांगितले, तेव्हा "बरं" असे ऐकू आले नाही. ते यंत्रासमोर भिंतीला टेकून बसलेले होते. त्यांना पोहोचवून आल्यावर मी ओटा सारवायला घेतला, तेव्हा यंत्रावर एक अर्धवट मोजा लोंबत असलेला दिसला. नळी संपली होती. निम्म्या सुया वर उचललेल्या होत्या, आणि खालच्या बाजूला सुताने वळण घेऊन फुगीर वाटीसारखा काही आकार धरला होता. एकही टाका सुटलेला नव्हता.

मी तो हात न लावता पाहिला. रखमाजीला बोलावले. त्यानेही पाहिला. ती टाच बरोबर जमली होती की नाही, हे आम्हा दोघांनाही सांगता आले नाही. आमच्या घरात दुसऱ्या कोणी कधी मोजा घातलेला नाही.